रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि आपली रविवारची उपासना

रविवारी सकाळी आपल्या नगर शहरात मंदिराची घंटा वाजू लागली म्हणजे घराघरांत एक प्रश्न उभा राहतो. देव सर्वत्र आहे. पवित्र शास्त्र घरी आहे. प्रार्थना तर कोठेही करता येते. मग दर आठवड्यास मंदिरात जाण्याची एवढी निकड काय? हा प्रश्न आमचे विद्यार्थी आम्हांस विचारतात, आणि कित्येक पालकही तो मनात बाळगून असतात, असे आम्हांस दिसते. प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा, ज्या एका पुरुषाने या जिल्ह्यात आपल्या आयुष्याची वीसांहून अधिक वर्षे घालविली, आणि ज्याची पदे आपण दर रविवारी गातो, त्याचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे आम्ही योजिले आहे. ते पुरुष म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे होते. आई जानकीबाई भाविक व मायाळू असून मुलाच्या मनावर तिचाच ठसा अधिक उमटला. तो अकरा-बारा वर्षांचा असता ती निवर्तली, आणि त्या कोवळ्या वयातच त्याच्या नशिबी भटकंती आली. पुढे नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी राहून त्याने संस्कृताचा अभ्यास केला. कविता करण्याचे वेड लहानपणापासूनच होते. १८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मुलीशी विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास परिचित झाल्या.

तरुणपणी टिळक एका ठिकाणी फार दिवस टिकले नाहीत. कोठे शिक्षक, कोठे कीर्तनकार, कोठे मासिकाचे संपादक अशी त्यांची वाटचाल चालू होती. नागपूर येथे असता त्यांनी 'ऋषी' नावाचे मासिक काही काळ चालविले. स्वभाव तापट, हात सढळ आणि मन हळवे. घरात दुसऱ्या दिवसाच्या जेवणाची सोय नसली तरी दारी आलेल्यास रिकाम्या हाती पाठवावयाचे नाही, अशी वृत्ती. परंतु या सर्व धडपडीच्या मुळाशी एकच तळमळ होती. आपला देश वर कसा येईल, आणि माणसामाणसांत जातिभेदाने पाडलेली दरी कशी बुजेल, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. या दोन्ही गोष्टींस धर्माचाच पाया पाहिजे, अशी त्यांची खात्री होत चालली, आणि असा धर्म कोणता, याचा ते शोध करू लागले.

अशा मनःस्थितीत नागपुराहून राजनांदगावकडे जात असता आगगाडीत त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. बोलणे काव्यावरून धर्माकडे वळले, आणि उतरताना त्या गृहस्थाने त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती दिलेल्या शब्दाखातर वाचावयास घेतली. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना. ज्या प्रश्नांनी त्यांस वर्षानुवर्षे छळिले होते, त्यांची उत्तरे त्यांस त्या थोड्या पानांत सापडली.

येथे आमच्या वाचकांनी थोडे थांबावे. या काळात टिळक ख्रिस्ताचे झाले होते, पण एकट्याने. पुस्तक त्यांच्यापाशी होते, प्रार्थना चालू होती, बुद्धीची खात्री पटली होती. आपले नाव प्रकट न करता ख्रिस्ती वृत्तपत्राशी त्यांनी पत्रव्यवहारही आरंभिला होता. घरी बसूनच देवाची भक्ती करता येते, हे जर पुरेसे असते, तर टिळकांस आणखी काही करण्याची गरज नव्हती. नोकरी राहिली असती, आप्त राहिले असते, पत्नी व लहान मुलगा जवळ राहिले असते. तरी त्यांच्या मनास स्वस्थता लाभेना. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्यास चारचौघांत ओळख न देणे, आणि त्याच्या माणसांत जाऊन न बसणे, हे त्यांस सहन होईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही त्यांच्या इच्छेप्रमाणे एका हिंदी पाळकाच्या हातून. मंडळीत जाऊन बसण्याचा अधिकार त्यांनी अशा रीतीने मिळविला.

त्याची किंमतही त्यांस ताबडतोब द्यावी लागली. लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू यांस आप्तांनी आपल्याकडे ठेवून घेतले, आणि सुमारे पाच वर्षे हे कुटुंब विभागलेले राहिले. लक्ष्मीबाईंनी यांपैकी काही काळ पंढरपुरास काढला. आज आपणास मंदिरात जाण्यास आड येते ती बहुधा सकाळची झोप किंवा घरचे एखादे काम. टिळकांस त्या उंबरठ्यावर पाऊल ठेवण्यासाठी अख्खे घर मागे ठेवावे लागले.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगर येथे आले. या शहरास व जिल्ह्यास आज अहिल्यानगर असे नाव आहे. अमेरिकन मराठी मिशनने येथे १८३१ साली कामास आरंभ केला होता. १८३३ मध्ये पहिली मंडळी स्थापन झाली, आणि १८४२ साली 'ज्ञानोदय' पत्र येथूनच निघू लागले. डॉक्टर रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी १८७८ साली पाळक तयार करण्यासाठी सेमिनरी उघडली होती. त्या सेमिनरीत टिळक शिकवू लागले, आणि ह्यूमसाहेबांचा व त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

नगरच्या व आसपासच्या राहुरी, वडाळा इत्यादी गावांच्या मंडळ्यांत त्या काळी बहुसंख्य लोक असे होते, की ज्यांस हिंदू समाजाने गावकुसाबाहेर ठेविले होते. वेदांचे व संस्कृत काव्याचे संस्कार झालेला एक ब्राह्मण त्यांच्याबरोबर एकाच बैठकीवर बसून एकाच प्रभुभोजनात भागीदार होतो, हे दृश्य त्या काळी लहान नव्हते. माणसामाणसांतील दरी बुजविण्याचा जो मार्ग टिळक तरुणपणापासून शोधीत होते, तो त्यांस एखाद्या ग्रंथात किंवा व्याख्यानात सापडला नाही. रविवारच्या त्या साध्या बैठकीत तो प्रत्यक्ष सापडला. आपण मंदिरात जाऊन ज्या जागेवर बसतो, तेथे आपल्या शेजारी कोण बसले आहे याचा विचार आपण क्वचितच करतो. ती शेजारची जागा मिळण्यासाठीच जुन्या लोकांनी किती सोसले होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

तथापि या बैठकीत टिळकांस एक उणीव भासली. लोक येत, आदराने बसत, उपदेश ऐकत. परंतु गायनाच्या वेळी अनेकांचे ओठ मिटलेले राहत. पुष्कळ पदे परदेशी चालींवर रचलेली किंवा इंग्रजीवरून भाषांतर केलेली होती. शब्द मराठी असले तरी त्यांचा सांधा मराठी कानास सहज जुळत नसे. त्या चाली मिशनरी बंधूंनी मोठ्या प्रेमाने शिकविल्या होत्या, हे खरे. टिळकांपूर्वी नगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी रागदारीत पदे रचून व ख्रिस्ती कीर्तने करून मार्ग दाखविला होता, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. टिळकांनी तो मार्ग हमरस्ता केला.

त्यांनी मंडळीच्या मुखी अभंग व ओवी दिली. याचे मर्म आमच्या वाचकांनी समजून घेण्याजोगे आहे. अभंगाचे चरण लहान असतात. पुढचा गाणारा एक चरण म्हणतो, आणि बाकीचे तो उचलून धरतात. यास पुस्तक लागत नाही, वाचता येण्याची गरज नाही, आवाज गोड असण्याचीही अट नाही. शेतावरून आलेली म्हातारी व शाळेत जाणारे तिचे नातवंड हे दोघेही एकाच वेळी त्यात सामील होतात. टाळ, मृदंग व एकतारी ही वाद्ये गावातील लोकांच्या हातास परिचित होती. जे लोक पूर्वी केवळ ऐकणारे होते ते याप्रमाणे उपासना करणारे झाले. माणूस एकटा असता अभंग गुणगुणू शकतो. पण तो उचलून धरावयास दुसरे कोणीतरी लागतेच. मंडळीने एकत्र का जमावे, याचे उत्तर टिळकांनी असे चालीतच घालून ठेविले.

तुकाराम महाराजांच्या अभंगांवर टिळकांची फार भक्ती होती, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते उघडपणे सांगत. आपल्या पूर्वजांची भक्ती टाकून न देता ती प्रभूच्या चरणी आणून ठेवावी, असा त्यांचा विचार होता. त्यांनी रचिलेल्या पदांपैकी अडीचशेंहून अधिक पदे आपल्या 'उपासना संगीत' या पुस्तकात आली. मराठी मंडळ्यांच्या गायनपुस्तकात एकाच कवीचा एवढा वाटा असणे ही असामान्य गोष्ट होय.

इकडे त्यांच्या घरीही हळूहळू एकी होत होती. लक्ष्मीबाई अखेर नगरकडे परत आल्या, पण प्रथम आपले सोवळे सांभाळूनच राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. त्यांचे मन त्यांच्याच विचाराने पालटत गेले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ते दिवस १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळाचे होते. प्लेगनेही या प्रांतात कहर केला होता. आईबापांविना उरलेली मुले मिशनच्या आश्रयास येत होती. टिळक दांपत्याने आपल्या घराचे दार अशा मुलांसाठी मोकळे ठेविले. बालकवी ठोमरे यांच्यासारखा पुढे महाराष्ट्रास भूषण झालेला कवीही काही काळ नगरास त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. तो ख्रिस्ती नव्हता. पण त्या घरी प्रेमास ती अट नव्हती. रविवारी मंदिरात जे गाइले जाई, त्याचा पडताळा सोमवारपासून शनिवारपर्यंत टिळकांच्या अंगणात येत असे.

१९०४ साली टिळकांस दीक्षा मिळून ते रेव्हरंड झाले. १९०९ च्या सुमारास त्यांनी प्रभूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा मोठा संकल्प केला आणि 'ख्रिस्तायन' लिहावयास घेतले. १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांजकडे आले, आणि ते त्यांनी मृत्यूपर्यंत केले. कविता, संपादन, शिकवणे, प्रवचने, कीर्तने अशा अनेक कामांत त्यांचे दिवस जात.

आता आम्ही त्यांच्या आयुष्यातील अशा एका गोष्टीकडे येतो, की जी आमच्या विषयास प्रतिकूल आहे, असे कोणी म्हणेल. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी होण्याचे व्रत घेतले, आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसमाज स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येऊ शकत. तेव्हा ज्याने मंडळीस गावयास शिकविले तोच मंडळीची चौकट सोडून बाहेर पडला, मग आम्ही तरी तीत का बसावे, असा प्रश्न एखादा चतुर विद्यार्थी विचारील.

आम्ही त्यास टाळू इच्छीत नाही. मंडळीत टिळकांस दोष दिसत होते, आणि ते त्यांनी कधी झाकले नाहीत. मिशनच्या पैशावर अवलंबून राहण्याची सवय, परदेशी वळणाचे अनुकरण, आणि ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांतही शिल्लक राहिलेला जातीचा अभिमान, यांनी त्यांचे मन पोळत असे. परंतु या दोषांमुळे ते घरी जाऊन दार लावून बसले नाहीत, हे विसरता कामा नये. त्यांनी पगार सोडला. माणसांत जमणे सोडले नाही. एका बैठकीत काही उणे दिसले म्हणून त्यांनी दुसरी, अधिक मोकळी बैठक मांडली, आणि जे लोक बाप्तिस्म्याच्या उंबरठ्यावर भीतीने थबकले होते त्यांस बसावयास जागा दिली. ते स्वतः एके काळी तसेच थबकलेले होते. एकट्याने भक्ती करणाऱ्याचे दुःख त्यांस ठाऊक होते. याच काळात मिशनच्या 'ज्ञानोदया'चे काम त्यांच्या हाती चालूच होते, यावरून त्यांनी मंडळीशी नाते तोडले नव्हते, हे उघड होते. दोष दिसल्यावर मंदिरात जाणे बंद करणारे लोक पुष्कळ असतात. दोष दिसल्यावर अधिक कामास लागणारे थोडे. टिळक त्या थोड्यांतील होते.

या दरबाराचे काम नीट उभे राहण्यापूर्वीच त्यांची प्रकृती खालावली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ९ मे १९१९ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ज्या लक्ष्मीबाई एके काळी त्यांच्या बाप्तिस्म्याने दुःखी होऊन दूर राहिल्या होत्या, आणि ज्यांस शाळेचे शिक्षण लाभले नव्हते, त्यांनीच पुढे त्यास ६४ अध्यायांची जोड दिली. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठी वाचक आजही आवडीने वाचतात. पतीचे काम पत्नीने उचलून धरले. अभंगाचा पहिला चरण एकाने म्हणावा व दुसरा दुसऱ्याने पुढे न्यावा, तसेच हे झाले.

या चरित्रावरून आम्ही काय घ्यावे? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १० व्या अध्यायात, काही जणांच्या सवयीप्रमाणे एकत्र मिळणे सोडू नये व एकमेकांस उत्तेजन द्यावे, अशा अर्थाचा बोध आहे. यातील उत्तेजन हा शब्द आमच्या मते मुख्य आहे. मंदिरात आपणास काय मिळते, एवढाच हिशेब आपण करीत असतो. उपदेश रुचला नाही, गायन रंगले नाही, म्हणजे आपला वेळ व्यर्थ गेला, असे वाटते. परंतु आपण तेथे गेल्याने दुसऱ्यास काय मिळते, हा हिशेब आपण मांडत नाही. ज्या विधवेचा मुलगा या वर्षी वारला ती बाकावर एकटी बसली असता तिच्या शेजारी आपल्या घरातील दोन माणसे येऊन बसली, तर पाळकाच्या उपदेशाइतकेच काम त्यांनी केले, असे आम्ही समजतो. आणि आपली जागा रिकामी राहिली, तर ते रिकामेपणही कोणास तरी दिसते.

आमच्या शाळेतील मोठ्या वर्गांचे विद्यार्थी लवकरच पुणे, मुंबई किंवा त्याहून दूरच्या शहरी शिक्षणास व कामास जातील. तेथे त्यांस रविवारी हाक मारावयास आई नसेल, आणि घंटाही कदाचित ऐकू येणार नाही. अशा मुलांनी पहिल्याच रविवारी जवळच्या मंडळीचा पत्ता काढावा. दुसऱ्या रविवारी काढू, असे म्हणणाऱ्याचा दुसरा रविवार फार लांब जातो, हा आमचा अनुभव आहे. लहान मुलांनी शब्बाथशाळेत जाताना शेजारच्या एखाद्या मुलास बरोबर न्यावे. आणि पालकांस आमची नम्र विनंती अशी, की मुलांस मंदिरात पाठवून आपण घरी राहू नये. मूल जे पाहते तेच शिकते. बापाची जागा रिकामी राहिली तर मोठेपणी आपलीही रिकामी ठेवावयाची असते, एवढाच धडा ते घेईल.

टिळक आपल्या घरादाराची किंमत देऊन त्या बैठकीत येऊन बसले. मंडळीच्या मुखी त्यांनी आपल्या मातीतील गाणे दिले. तिचे दोष पाहूनही तिच्यासाठी झिजले. येत्या रविवारी पुढचा गाणारा त्यांच्या एखाद्या अभंगाचा पहिला चरण म्हणेल. तो उचलून धरण्यास आमच्या शाळेतील मुलेमुली व त्यांचे आईबाप तेथे असोत, इतकेच आमचे देवाजवळ मागणे आहे.